हजार बदाम आणि एक गिऱ्हाईक

बाजाराच्या दिवशी पूर्वी गावात गारुडी येत असे. त्याने डमरू वाजवला की पोरेटोरे, म्हातारेकोतारे, पिशव्या घेऊन निघालेल्या बायाबापड्या सारे कडे करून उभे राहत. साप आणि मुंगूस यांची झुंज आता लागते, मग लागते असे म्हणता म्हणता अर्धा तास निघून जाई; आणि लोकांचा श्वास असा अडकून राहिलेला असतानाच गारुडी पोतडीतून ताईत बाहेर काढी. त्याबरोबर कड्याची मागची रांग हळूच पांगू लागे. पाहणारे शंभर असत. ताईत घेणारे चार. गारुडी निराश होत नसे. गर्दी जमवणे ही एक विद्या आणि गर्दीतल्या माणसाला दोन पावले पुढे आणणे ही दुसरी, हे त्याला पक्के ठाऊक होते. पहिली विद्या आली म्हणजे दुसरी आपोआप येते असे मात्र नाही.

हल्ली घरोघरी हा खेळ सुरू झाला आहे. रागावू नका, वाचकहो. मी हे कौतुकानेच म्हणत आहे. कोणाच्या वहिनी पुरणपोळ्यांची मागणी घेतात, कोणाची भाची मातीचे दागिने घडवते, कोणाचे चिरंजीव गावाकडचा गूळ विकतात. आणि प्रत्येकाच्या हाती मोबाइल नावाचा डमरू आहे. इन्स्टाग्रामवर अर्ध्या मिनिटाची फिल्म टाकायची, तिला रील म्हणतात, की पाहणाऱ्यांचे कडे जमलेच. आवडले तर पाहणारा एक लाल बदाम देतो. फेसबुकवर बदामाऐवजी अंगठा. अनुयायी पूर्वी संतांना नाहीतर पुढाऱ्यांना असत. आता चकली तळणाऱ्या काकूंनाही असतात. यात वाईट काहीच नाही. अडचण एवढीच, की या बदामांनी पोट भरत नाही. बदाम देणारा माणूस तिथून उठून दुकानात, म्हणजे त्या उद्योगाच्या स्वतःच्या वेबसाइटवर, यावा कसा, हा खरा प्रश्न आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. माझा आणि या व्यापारी प्रश्नाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध आला एका चपलेमुळे.

“बघणारं लई झालं!”

आमच्या कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर या भागांत चप्पल बनवणाऱ्या कारागिरांची घरे आहेत. त्यांतल्याच एका घरचा मुलगा बी. ए.ला माझ्या वर्गात होता. वडिलांना सारी गल्ली अण्णा म्हणते. रापी आणि आरी ही त्यांची हत्यारे. आणि चपलेच्या पट्ट्यावरची कातड्याची वेणी ते अशी घालतात, की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. मुलाने त्यांच्या मालासाठी एक वेबसाइट मित्राकडून करून घेतली होती.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या प्रसिद्ध कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यातल्या तरुणांच्या पायांत थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला होत्या; कोल्हापूरचे नाव मात्र कोठेच नव्हते. वस्तुतः कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिचे मुलूख. साहजिकच समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. या चपलांमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे, हे कंपनीला मान्य करावे लागले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करारही जाहीर झाला.

त्या जून-जुलैत साऱ्या देशाचे डोळे कोल्हापुरी चपलेवर खिळले होते. मुलाने ती वेळ बरोबर साधली. अण्णा वेणी घालत आहेत, एवढीच एक फिल्म त्याने इन्स्टाग्रामवर टाकली. ती लाखाच्या वर लोकांनी पाहिली, हजारोंनी बदाम दिले. “कोल्हापूरची शान!”, “अण्णांना मानाचा मुजरा!” अशा शेऱ्यांचा पाऊस पडला. आठ दिवसांनी वेबसाइटवरची मागणी मोजली, तेव्हा ती निघाली सहा जोडांची!

मुलगा मला भेटायला आला, तेव्हा अण्णाही बरोबर होते. ते म्हणाले, “सर, बघणारं लई झालं. घालणारं कुठं हाय? ह्यो बदाम बँकेत चालतोय व्हय?”

मी हसलो, पण अण्णा हसले नाहीत. मुलगाही हसला नाही. त्याच्या खिशात पुण्याच्या एका कंपनीचे बोलावणे होते. “दिवाळीपर्यंत बघतो, सर. नाहीतर जातो,” असे तो म्हणाला. तो गेला असता, तर अण्णांच्या मागे त्या घरातली रापी उचलणारे कोणी नव्हते. वेबसाइटवरचा मजकूर मी नीट करून द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. त्या निमित्ताने तो, त्याचा संगणक जाणणारा मित्र आणि मी असे आम्ही कित्येक संध्याकाळी बसलो. तिथे जे उमगले, ते घरगुती उद्योग करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून इथे सांगतो.

सात उंबरे

पहिल्या संध्याकाळी आम्ही फक्त मोजणी केली. समजा, इंदूरच्या एखाद्या गृहस्थांनी ती फिल्म पाहिली आणि चप्पल घ्यावी असे त्यांच्या मनात आले. त्यांना काय काय करावे लागेल?

इन्स्टाग्रामवर फिल्मखालच्या मजकुरात वेबसाइटचा पत्ता लिहिला, तरी तो नुसता लिहिलेलाच राहतो. त्यावर बोट ठेवले म्हणून दुकान उघडत नाही. म्हणून या गृहस्थांनी प्रथम मुलाच्या नावावर बोट ठेवायचे. मग त्याच्या ओळखीच्या पानावर जायचे. तिथली लिंक शोधायची. तीवरून वेबसाइटच्या पहिल्या पानावर यायचे. तिथे वीस चपलांच्या गर्दीत फिल्ममधली चप्पल ओळखायची. मग तिचे माप शोधायचे. आणि शेवटी किंमत. सात उंबरे झाले! प्रत्येक उंबऱ्याशी काही माणसे माघारी वळतात. कोणाचा फोन वाजतो, कोणाची भाजी करपते. सातव्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो तो गिऱ्हाईक नव्हे, भक्तच म्हणायचा.

तेव्हा पहिले काम उंबरे कमी करण्याचे. एप्रिल २०२३ पासून इन्स्टाग्राम ओळखीच्या पानावर पाचपर्यंत लिंका देऊ देते. मुलाने पाचही भरल्या होत्या: वेबसाइट, यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्‌सॲप आणि एका जुन्या बातमीचे कात्रण. पाच दारे उघडी दिसली, की पाहुणा अंगणातच घुटमळतो. आम्ही वेबसाइटचे एकच दार ठेवले. आणि तेही पहिल्या पानाचे नव्हे, तर त्या आठवड्यात जी चप्पल फिल्ममध्ये दिसते, तिच्याच पानाचे. फिल्ममध्ये कापशी चप्पल दिसली, तर पाऊल कापशीच्याच पानावर पडले पाहिजे. लग्नपत्रिकेत एका कार्यालयाचा पत्ता आणि मांडव दुसरीकडे, असे झाले तर वऱ्हाडी घरीच परततात.

दुसरी सोय ‘स्टोरी’ची. चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे हे चित्र. त्यात लिंक चिकटवता येते. तीवर बोट ठेवले की माणूस थेट दुकानात. पूर्वी ही सोय दहा हजारांवर अनुयायी असणाऱ्यांना किंवा मान्यवरांनाच होती. ऑक्टोबर २०२१ पासून ती सर्वांना खुली झाली. बडे लोक जे दार वापरत, ते आता तुम्हा-आम्हालाही उघडे आहे. पण कित्येकांना त्याचा पत्ताच नसतो.

हाक कशी मारावी?

आता माझ्या विषयाकडे येतो. फिल्मखाली मुलाने लिहिले होते: “रांगडा बाणा, कोल्हापूरची शान, परंपरेचा अभिमान!” ऐकायला झकास. पण हे वाचून कोणी उठून कशाला येईल? विशेषणांनी मान डोलते; पाऊल हलत नाही. पाऊल हलायला मनात एखादा प्रश्न उभा राहावा लागतो.

आणि प्रश्न तर लोक स्वतःच विचारत होते! फिल्मखालच्या शेकडो शेऱ्यांत मुजरे बाजूला काढले, तेव्हा चारच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसले. किंमत काय? माझ्या पायाला कोणते माप येईल? पावसात चालते का? खरी कोल्हापुरी ओळखायची कशी? मुलगा प्रत्येकाला “खासगीत विचारा” असे उत्तर देत होता. दुकानदाराने भर दुकानात गिऱ्हाइकाला “मागच्या दाराने या, मग कानात सांगतो” म्हणावे, तसाच हा प्रकार.

आम्ही त्या चार प्रश्नांची चार उत्तरे वेबसाइटवर लिहिली, आणि प्रत्येक उत्तरासाठी एकेक नवी फिल्म केली. एका फिल्ममध्ये अण्णा चप्पल उलटी करून दाखवतात आणि म्हणतात, “बघा, हातानं शिवल्याली हाय, खिळा न्हाई.” मग खिळ्यावाचून ती टिकते कशी? पुढचे सारे चित्रांसह वेबसाइटवर. दुसऱ्या फिल्ममध्ये जुन्या पद्धतीने कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढताना दाखवले. त्या लांबीवरून चपलेचा नंबर कसा ठरवायचा, त्याचे कोष्टक वेबसाइटवर. फिल्मखाली “आजच खरेदी करा” नव्हे, तर “कागद-पेन्सिल घ्या आणि आपले माप काढा” असे लिहिले. ‘खरेदी करा’ म्हटले की माणूस आधी खिसा चाचपतो. ‘माप काढा’ म्हटले की तो पाऊल पुढे टाकतो. सारा फरक त्या एका क्रियापदाचा!

यात एक पथ्य मात्र कडक पाळायचे. अर्धे सांगून पुढच्यासाठी बोलावले, तर ते पुढचे तिथे असलेच पाहिजे, आणि बोलावणाऱ्याने सांगितल्याहून थोडे अधिकच असले पाहिजे. ‘रहस्य जाणून घ्या’ म्हणून बोलवायचे आणि समोर नुसते दराचे कोष्टक ठेवायचे, हा गारुड्याचा मार्ग. गारुड्याला ते परवडे. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जात असे. अण्णांना याच गावात राहायचे आहे.

दुकानात पाऊल टाकल्यावर

वेबसाइट उघडायला वेळ लागत होता, कारण मित्राने छायाचित्रे हौसेने भिंतीएवढी मोठी ठेवली होती. पाहणारा बहुधा मोबाइलवर असतो, कदाचित एसटीच्या खिडकीशी. त्याला गोल फिरणारे चक्र पाहण्यात रस नसतो. छायाचित्रे हलकी केली. पान झटकन उघडू लागले.

प्रत्येक चपलेच्या पानावर आम्ही वरच लिहिले: किंमत, टपालखर्च, जोड तयार व्हायला लागणारे दिवस, माप चुकल्यास बदलून मिळण्याची अट आणि दुकानाचा फोन. अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याआधी मध्यमवर्गीय मनुष्य ज्या पाच गोष्टी शोधतो, त्या याच. कोणत्याही गृहिणीला विचारा.

पावसाच्या प्रश्नावर मुलगा अडखळला. खरे सांगितले तर गिऱ्हाईक जाईल, असे त्याला वाटे. आम्ही खरेच लिहिले. हे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. त्याला पाणी सोसत नाही. भर पावसात ही चप्पल घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको. मग हलका तेलाचा हात द्या. हे वाचून एका बाईंनी फोनवर सांगितले, “वाईट सांगणारा दुकानदार पहिल्यांदाच भेटला, म्हणून चांगलं सांगितलंत त्यावर विश्वास बसला.” अण्णा त्या दिवशी प्रथम हसले.

आणखी एक बारीकशी, पण महत्त्वाची गोष्ट. वेबसाइटची लिंक कोणी व्हॉट्‌सॲपवर पुढे पाठवली, की तिच्याखाली छोटे चित्र आणि दोन ओळी दिसतात. ते चित्र नि त्या ओळी काय असाव्यात, हे वेबसाइट करणाऱ्याला ठरवून ठेवता येते. फेसबुकने २०१० मध्ये आणलेली ही पद्धत आता सर्वत्र चालते. आमच्या मुलाच्या लिंकखाली नुसता करडा चौकोन येत असे. तिथे अण्णांच्या हातातली अर्धी विणलेली वेणी आली, आणि खाली “हाती शिवलेली कापशी, कोल्हापूर” एवढीच ओळ. घराच्या दारावर पाटी लागली म्हणायची!

पाहुणा आला कोठून?

गिऱ्हाईक कोणत्या वाटेने आले, हे कळायलाही उपाय आहे. लिंकच्या शेपटाला काही अक्षरे जोडतात. त्यांना यूटीएम म्हणतात. अर्चिन नावाच्या कंपनीची ही युक्ती. गूगलने २००५ मध्ये ती कंपनी विकत घेतली, तरी नावातले अर्चिनचे पहिले अक्षर राहून गेले. इन्स्टाग्रामच्या लिंकला एक शेपूट, व्हॉट्‌सॲपच्या लिंकला दुसरे, फेसबुकच्या लिंकला तिसरे. दळणाच्या डब्यांवर आपापली खूण करून ते गिरणीत ठेवावेत, तसे. मग गूगलच्या मोजणीच्या पानावर स्वच्छ दिसते, की आज कोण कोणत्या दाराने आले, किती वेळ थांबले आणि काही घेऊन गेले का.

महिन्याभराच्या मोजणीने आमचे डोळे उघडले. ढोल-ताशाच्या संगीतावरच्या फिल्मला बदाम भरघोस. पण तिच्यावरून दुकानात आलेले लोक मोजकेच. कागद-पेन्सिलीच्या साध्या फिल्मला बदाम थोडे. पण तिच्यावरून कितीतरी अधिक माणसे आली. आणि सगळ्यांत कमी येऊन सगळ्यांत अधिक घेणारे कोण? व्हॉट्‌सॲपवरच्या कुटुंबाच्या गटांतून आलेले! मावशीने भाच्याला लिंक पाठवली, की ती नुसती लिंक राहत नाही. तिच्यात मावशीची शिफारस मिसळलेली असते.

बदाम आणि गिऱ्हाईक यांचे गणित निराळे आहे, ते असे. बदाम सांगतो, ‘मला गंमत वाटली.’ पाऊल सांगते, ‘मला हवे आहे.’ आपण दोन्ही मोजावेत. पण घर चालवायचे ते पावलांवर. कित्येक जण तर पैसे मोजून अनुयायी विकत घेतात. भाड्याने आणलेले वऱ्हाड जेवून जाते, आहेर करीत नाही.

भाड्याची जागा

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? सारा व्यवहार इन्स्टाग्रामवरच करावा. याला उत्तर दोन तारखांचे आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रहिताची होती. पण खेड्यापाड्यांतल्या ज्यांनी तिथे लाखो अनुयायी जमवले होते, त्यांचे अंगण एका रात्रीत नाहीसे झाले. दुसरी तारीख ४ ऑक्टोबर २०२१. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्‌सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडले. ज्याचे दुकान फक्त तिथेच होते, त्याची फळी तेवढा वेळ बंद.

शिवाय त्या अंगणाच्या मालकाचे उत्पन्न जाहिरातींचे. पाहुणा तिथेच रमावा, ही त्याची इच्छा. तुमच्या घरी जावा, ही तुमची. त्याच्या अंगणात खेळ जरूर करावा. पण राहते घर आपले असावे.

हे शहाणपण आपल्याकडे नवे नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याची ती गृहपत्रिका. पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि महाराष्ट्राच्या घराघरात गेले. वाचकाशी स्वतःचे नाते जोडायचे, आणि तेही स्वतःच्या कागदावर, ही दृष्टी त्यात होती. आजच्या घरगुती उद्योजकाची वेबसाइट आणि त्याची गिऱ्हाइकांची वही ही त्याची ‘खबर’च होय.

ही वही कशी भरली, तीही मौज ऐका. अण्णा एकटे, महिन्याला जोड करणार किती? मागणी वाढली तशी मुलाची घाबरगुंडी उडाली. तेव्हा पानावर लिहिले: “या महिन्याचे जोड संपले. पुढच्या महिन्यासाठी नाव आणि फोन नोंदवा. जोड तयार झाला की कळवू. दुसऱ्या कशासाठी फोन करणार नाही.” लोक रागावले नाहीत, नावे नोंदवू लागले. सहा जोडांच्या जागी हजारांची मागणी त्या जुलैतच आली असती, तर हे घर तिच्याखाली दबून गेले असते. नाव नोंदवण्याच्या त्या दोन ओळींनी पुराचे पाणी पाटाने शेतात आणले.

दिवाळीची मुदत केव्हाच उलटली. मुलगा पुण्याला गेला नाही, निदान अजून तरी. शेजारचे दोघे कारागीर आता अण्णांच्या बरोबरीने बसतात. श्रीमंती आलेली नाही. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत काही नावे लिहिलेली असतात. हातावर पोट असणाऱ्याला याचे मोल काय, हे तोच जाणे.

शेवटी, वाचकहो, तुमच्याशी एक गोष्ट बोलायची आहे. आपण बहुतेक सारे या कड्यात उभे राहून पाहणारे आहोत. बदाम फुकट असतो, म्हणून तो आपण सढळ हाताने देतो, आणि देऊन झाला की कारागिराचे कौतुक केल्याचे समाधान मानतो. या दिवाळीत एखाद्याची पणती, आकाशकंदील, चप्पल किंवा चिवडा खरोखर आवडला, तर बदाम जरूर द्या; पण त्याच्या नावावर बोट ठेवून आणखी एक पाऊल पुढे जा आणि त्याचे दार उघडून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दारात मोठी रांगोळी काढतो, ती येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी म्हणून. पण तेवढ्यावर आपण थांबत नाही. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची इवली पावलेही काढतो. रांगोळी रस्त्यावरून दिसते. पावले घरात येतात.